‘सिस्टर, मलाच का?’ या प्रश्नाची तयारी दोन दिवसांच्या शिबिरात होत नाही

वाचकाचं पत्र :

मी एका धर्मादाय रुग्णालयात 14 खाटांच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. बहुतेक रुग्ण शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे. व्यवस्थापनाने स्टाफसाठी दोन दिवसांचं ‘अध्यात्म प्रशिक्षण’ मंजूर केलंय. मागच्या वर्षीही एक झालं होतं. प्रवचन आणि ध्यान. ऐकायला चांगलं वाटलं, पण वॉर्डात काही फरक पडला नाही. रुग्ण विचारतात, ‘सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं?’ आणि आमच्या मुली गप्प होतात, नाहीतर विषय बदलतात. माझ्या स्टाफमध्ये हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन असे सगळे आहेत, दोघीजणी देव मानत नाहीत. यांना शिकवायचं काय, कुणी आणि किती वेळात? आणि त्याचा उपयोग झाला हे कळणार कसं?

— एक इन्चार्ज सिस्टर

उत्तर :

प्रिय सिस्टर,

तुमच्या मुली गप्प होतात याची फार काळजी करू नका. गप्प राहता येणं हे या कामातलं अर्धं कौशल्य आहे. विषय बदलणं मात्र थांबवायला हवं, कारण रुग्ण तो प्रश्न त्या माणसाला पुन्हा सहसा विचारत नाही. तो रात्री वॉर्डातल्या मावशींना विचारतो, नाहीतर कुणालाच नाही.

मागच्या वर्षीचं शिबिर का फसलं, हे आधी बघू. प्रवचनातून ऐकणाऱ्याला समाधान मिळतं. ध्यानाने थकलेल्या स्टाफला विश्रांती मिळते. दोन्ही चांगलं आहे, जरूर ठेवा, पण ते स्टाफसाठी आहे. रुग्णाच्या खाटेजवळ काय करायचं, हे त्यातून कुणी शिकत नाही. उलट एक धोका असतो. चांगलं प्रवचन ऐकून आलेली सिस्टर दुसऱ्या दिवशी रुग्णाला तेच ऐकवते, आणि ज्याच्या पोटात गाठ आहे त्याला ‘देहाचा मोह सोडा’ हे वाक्य टोचतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या व्याख्येत पॅलिएटिव्ह केअरने शारीरिक, मानसिक-सामाजिक आणि आध्यात्मिक अशा तिन्ही प्रकारच्या त्रासाची नीट तपासणी आणि उपचार करावेत, असं म्हटलंय. ‘तपासणी’ हा शब्द व्यवस्थापनाला जरूर दाखवा. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं सेवाकेंद्र, सुरू केलं. सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर. वेदना एकाच वेळी शरीराची, मनाची, नात्यांची आणि जगण्याच्या अर्थाची असते, ही मांडणी त्यांचीच. तेव्हा तुम्हाला स्टाफला अध्यात्म शिकवायचं नाहीये. रुग्णाची आतली बोचणी ओळखायची, त्याला विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, लिहून ठेवायचं आणि त्यावर काहीतरी करायचं, एवढंच शिकवायचंय. ब्लडप्रेशर मोजण्याइतकंच हे शिकवता येतं आणि तपासताही येतं.

दोन दिवस सलग घेऊ नका. तास तोडून घ्या. दर पंधरा दिवसांनी दीड तासाचं एक सत्र, अशी 6 सत्रं. एका गटात 12 पेक्षा जास्त लोक नकोत, आणि शिफ्टमुळे वॉर्ड ओस पडू नये म्हणून तेच सत्र दोनदा घ्या. मधल्या पंधरा दिवसांत प्रत्येकीने दोन रुग्णांशी बोलून यायचं आणि पुढच्या सत्राची सुरुवात त्यावरूनच करायची. शिबिरात नसते ती हीच गोष्ट. शिकलेलं खाटेजवळ करून बघायला आणि फसलं तर परत येऊन विचारायला तिथे वावच नसतो.

गटात डॉक्टर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवा अधीक्षक, मावशी, मामा सगळे एकत्र हवेत. युरोपियन असोसिएशन फॉर पॅलिएटिव्ह केअरने 2020 साली या प्रशिक्षणावर श्वेतपत्रिका काढली, तीही सगळ्या विषयांच्या लोकांना शिकवण्याबद्दलच आहे. मावशींना वगळू नका, अशी आमची आग्रहाची विनंती. स्पंजिंग करताना, बेडपॅन देताना, रात्री अडीच वाजता पाणी देताना रुग्ण मावशींशी जे बोलतो ते राऊंडला कधीच बोलत नाही. मावशींना लांबलचक मुलाखत घ्यायला शिकवायची नाही. ‘ऐकलेलं सिस्टरला सांगायचं आणि स्वतः उपदेश करायचा नाही’ इतकं शिकवलं तरी वॉर्डाला कान मिळतात.

पहिल्या सत्रात रुग्णाचा विषयच काढू नका. प्रत्येकीने कागदावर स्वतःबद्दल तीन गोष्टी लिहायच्या. माझ्यावर कठीण वेळ आली तेव्हा मी कशाच्या आधाराने उभी राहिले. मरणाबद्दल मला लहानपणी काय शिकवलं गेलं. आणि रुग्णाच्या तोंडून कुठलं वाक्य ऐकलं की मला खोलीबाहेर पळावंसं वाटतं. कागद कुणाला दाखवायचा नाही, वाचून दाखवायची सक्ती नाही. तिसऱ्या प्रश्नावर मात्र बोलायला सांगा. जिच्या घरी वडील याच आजाराने गेले ती ‘मला घरी न्या’ हे वाक्य ऐकूच शकत नाही, हे एकदा टीमला कळलं की त्या रुग्णाची खाट तिच्याकडे लावायची की नाही हे तुम्हाला ठरवता येतं.

दुसरं सत्र फक्त ऐकण्याच्या सरावाचं. तिघींचा गट करा. एक रुग्ण, एक सिस्टर, एक निरीक्षक. 4 मिनिटं संवाद, 3 मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाच्या हातात घड्याळ आणि कागद. तिने तीनच गोष्टी नोंदवायच्या : रुग्णाचं वाक्य संपल्यावर सिस्टर किती सेकंदांत बोलली, किती वेळा सल्ला दिला, आणि रुग्णाचाच एखादा शब्द परत वापरला का. पहिल्या फेरीत बहुतेक जणी वाक्य पूर्ण व्हायच्या आतच बोलतात. त्यांना हे आकड्यात दाखवलं की पटतं, सांगून पटत नाही. भूमिका करताना वॉर्डात नुकत्याच गेलेल्या रुग्णाची गोष्ट घेऊ नका. ज्यांना रडू येईल त्यांना बाहेर जायची मुभा ठेवा आणि मागे एकीला पाठवा. संवाद संपला की ‘रुग्ण’ झालेलीने स्वतःचं नाव मोठ्याने सांगून, खुर्ची बदलून बसायचं. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणून गाळली जाते आणि मग मुली ती भूमिका घरी घेऊन जातात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एक नमुना संवाद देतो, तो सत्रात वाचून दाखवा. सकाळची वेळ, सिस्टर छातीवरच्या जखमेचं ड्रेसिंग करतेय.

काकू म्हणतात, ‘सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं होतं गं? मलाच का?’

नेहमीचं उत्तर येतं, ‘असं नाही बोलायचं काकू. देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.’ काकू मान हलवतात. संवाद संपला.

आता दुसरा प्रकार. सिस्टर हातातला फोर्सेप ट्रेमध्ये ठेवते. मान वर करून बघते. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजते. मग विचारते, ‘हे सारखं मनात येतं का तुमच्या?’

‘रात्री येतं. झोप लागत नाही ना.’

‘रात्री काय काय येतं मनात?’

काकू थोडा वेळ छताकडे बघतात. ‘धाकटीला मी शिकू नाही दिलं. दहावीला चांगले मार्क होते तिला. लग्न लावून दिलं. तिची हाय लागली मला.’

‘तिची हाय लागली, असं वाटतं तुम्हाला.’

‘हो.’

‘तिच्याशी बोललात कधी यावर?’

आणि इथून रस्ता सुरू होतो. सिस्टरने कर्मसिद्धांतावर काहीच मत दिलं नाही, हे मुलींना दाखवून द्या. ‘असं काही नसतं हो’ असंही नाही आणि ‘प्रारब्ध असतं’ असंही नाही. आपल्याकडे कर्माचा विचार दोन्ही बाजूंनी काम करतो. एखाद्याला त्यातून दिलासा मिळतो, ‘भोग इथेच फिटले, पुढचं सुटलं’. दुसऱ्याला तोच विचार अपराधीपणाने पोखरतो. कुठल्या बाजूने चाललाय हे विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून ‘तसं वाटल्यावर तुम्हाला बरं वाटतं की त्रास होतो?’ हा प्रश्न मुलींच्या तोंडी बसवा. ‘मलाच का’ हा प्रश्न बऱ्याचदा उत्तरासाठी नसतोच, त्याच्यामागे एक नाव आणि एक घटना असते. आणि खरंच उत्तर मागितलं, तर ‘याचं उत्तर मला माहीत नाही काकू, पण मी इथे बसते थोडा वेळ’ हे खरं आणि पुरेसं आहे. बसते म्हटलं तर बसायचं. खाटेशेजारी स्टूल ओढून, डोळे रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर. उभ्याने काढलेली दहा मिनिटं रुग्णाला घाईची वाटतात, बसून काढलेली चार पुरतात.

तिसऱ्या सत्रात चार प्रश्न शिकवा. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टीना पुचाल्स्की यांनी 1990 च्या दशकात ‘फिका’ नावाची चार भागांची पद्धत तयार केली, ती जगभर वापरतात. श्रद्धा किंवा आधार, त्याचं महत्त्व, सोबतची माणसं, आणि आम्ही काय करावं, असे ते चार भाग. इंग्रजी प्रश्नांचं शब्दशः भाषांतर रुग्णापुढे ठेवलं तर तो गोंधळतो. ‘तुमची आध्यात्मिक श्रद्धा काय?’ असं विचारलं की गावाकडची आजी ‘आमचं काय बाई, अडाणी माणसं आम्ही’ म्हणून मोकळी होते. असं विचारा : ‘इतकं सगळं सोसलंत, बळ कुठून आणता?’ ‘आजारी पडल्यापासून त्या आधाराचं काय झालं, घट्ट झाला की सुटला?’ ‘मनातलं सगळं बोलावं असं कोण आहे?’ ‘इथे राहताना त्यासाठी आम्ही काय करावं?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर विठ्ठल असेल, नातू असेल, शेत असेल, युनियनचं काम असेल, बाबासाहेब असतील. सगळी उत्तरं सारखीच मोलाची. देव न मानणाऱ्या रुग्णालाही हे प्रश्न जसेच्या तसे विचारता येतात आणि देव न मानणाऱ्या सिस्टरलाही.

त्या दोघींना प्रशिक्षणातून सूट देऊ नका. त्यांच्याकडे तयार उत्तर नसतं आणि इथे ते नसलेलंच बरं. नियम सगळ्यांना एकच. स्वतःचा धर्म, गुरू, व्रत, उपाय आपण होऊन सांगायचा नाही. रुग्णाने ‘तुम्ही कुणाला मानता?’ विचारलं तर एका वाक्यात खरं सांगायचं आणि प्रश्न परत त्याच्याकडे न्यायचा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणाला तर ‘तुम्ही म्हणा, मी शेजारी उभी राहते’ म्हणायचं. शब्द रुग्णाचे, सोबत आपली. दर्ग्याचा धागा, अंगारा, बायबलच्या वचनाची चिठ्ठी यांपैकी काहीही स्टाफने रुग्णाच्या उशाशी आणून ठेवायचं नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

एक पूर्वअट आहे. ज्याची वेदना 10 पैकी 7 आहे, त्याच्याशी यातलं काहीही बोलू नका. आधी ब्रेकथ्रू डोस (मध्येच उसळलेल्या वेदनेसाठीचा जादा डोस) द्या, तोंडाने दिला असेल तर साधारण तासाभराने परत विचारा, वेदना उतरली की मग बसा. धाप, उलटी, बद्धकोष्ठता यांनाही हेच लागू. उलटंही लक्षात ठेवा. मॉर्फिन दोनदा वाढवूनही ‘सगळं अंग दुखतं’ म्हणणाऱ्या आणि कुठे दुखतं ते नीट दाखवू न शकणाऱ्या माणसाला हे चार प्रश्न विचारायची वेळ झालेली असते. अर्थात वेदनेचं नवीन शारीरिक कारण नाही ना, हे डॉक्टरांनी आधी बघायलाच हवं.

कधी स्वतः हाताळायचं नाही, हे शिकवण्यात बहुतेक प्रशिक्षणं कमी पडतात. ‘आता सोडव रे बाबा’ म्हणणारा आजोबा आणि ‘गोळ्या साठवून ठेवल्यात’ म्हणणारा माणूस यांत फरक आहे. पहिला थकलाय, त्याच्याजवळ बसा. दुसऱ्याबद्दल त्याच शिफ्टमध्ये डॉक्टरांना सांगा, गोळ्यांचा ताबा घ्या, माणूस एकटा सोडू नका. थेट विचारायला घाबरू नका : ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. दोन आठवड्यांपासून मन उदास आहे आणि कशातच रस नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. त्याला ‘आध्यात्मिक संकट’ म्हणून नुसतं ऐकत बसू नका.

तसंच एक भ्रमाचं. ‘रात्री आई येऊन पायथ्याशी बसते’ असं रुग्ण सांगतो. ती तीस वर्षांपूर्वी गेलेली असते. सांगताना चेहरा शांत असेल, त्याला दिवस-वार, माणसं ओळखू येत असतील, तर हे शेवटच्या दिवसांत पुष्कळांना होतं. ‘काय म्हणते आई?’ विचारा, औषध देऊ नका. पण तो घाबरलेला असेल, कपडे-नळ्या ओढत असेल, सकाळी नीट आणि संध्याकाळी गोंधळलेला असेल, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने किंवा औषधाने अचानक झालेला मेंदूचा गोंधळ, आहे. तेव्हा लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले नाही, ताप आहे का, हातपाय झटकतात का (मॉर्फिन जास्त झाल्याची ती खूण असते), कॅल्शियम वाढलंय का, हे बघायचं. नातेवाईक याला ‘बाहेरचं’ म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचा अंगारा कपाळाला लागू द्या आणि लघवी तुंबली असेल तर कॅथेटरही (लघवीची नळी) घाला.

चौथं सत्र शेवटच्या तासांचं. मागच्या वर्षी ज्यांनी प्रवचन दिलं त्यांना इथे तासभर जरूर बोलवा. त्यांच्यासोबत एक मौलाना, एक फादर, एक भन्तेजी किंवा बौद्ध उपासक, एक जैन कार्यकर्ते यांना एकत्र बसवा. प्रवचन नको, तुमचा स्टाफ प्रश्न विचारेल आणि ते उत्तर देतील. त्यांचे फोन नंबर, रात्री येतील का, किती वेळ आधी कळवावं लागतं, हे एका कागदावर लिहून ड्युटी रूममध्ये लावा. उदाहरणार्थ, कॅथलिक रुग्णाचा तैलाभ्यंगाचा संस्कार जिवंतपणी करायचा असतो, म्हणून फादरना श्वास लांबल्यावर बोलावलं तर उशीर झालेला असतो. मुस्लिम रुग्णाला शक्य असेल तर काब्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला किंचित उत्तरेकडे, तोंड करून झोपवा. दफन लवकर करायचं असतं, म्हणून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना 4, रखडू देऊ नका. आणि आडनावावरून कुणाला काही ठरवू नका. बौद्ध कुटुंबाला गंगाजल आणून देणारी सिस्टर चांगल्या मनाने दुखावते. त्यांना त्रिशरण-पंचशील म्हणायला दहा मिनिटं शांतता हवी असते.

यातल्या धोक्याच्या जागाही तिथेच दाखवा. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने गंगाजल किंवा झमझमचं पाणी घातलं की ते फुप्फुसात जातं. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावा, मान एका बाजूला वळवून. तुळशीचं पान जिभेवर नको, ओठांवर ठेवू द्या. मनगटातला गंडा कॅन्युलाच्या (शिरेत घातलेल्या सलाईनच्या नळीच्या) आड येत असेल तर कापू नका, विचारून दुसऱ्या हातात किंवा उशीला बांधा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरंजन, उदबत्ती, कापूर, मेणबत्ती काहीही पेटवायचं नाही. ‘दोन मिनिटं सिलिंडर बंद करतो’ हाही उपाय नाही, कारण चादरी-कपड्यांत मुरलेला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही आणि ठिणगीने ते भडकतात. वॉर्डात बॅटरीचे दोन दिवे आणून ठेवा, खरी ज्योत देवघरात किंवा बाहेरच्या ओट्यावर. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैन रुग्णाला दर चार तासांच्या मॉर्फिनऐवजी बारा तासांची गोळी किंवा त्वचेवरचा पॅच देता येईल का, हे डॉक्टरांशी आधीच बोला. रात्री अचानक दुखलं तर काय चालेल, हेही रुग्णाला दिवसा विचारून ठेवा. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दलही विचारा. कित्येकांना माहीत नसतं, आणि नंतर कळलं की फसवल्यासारखं वाटतं.

पाचव्या सत्रात नातेवाईक. ‘त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ असं सांगितलेल्या रुग्णाशी हे सगळं कसं बोलायचं, हा प्रश्न तुमच्या मुली पहिल्याच दिवशी विचारतील. बोलता येतं. आजाराचं नाव न घेता ‘कशाची काळजी वाटते?’ विचारता येतं. मुलाला मात्र आधी स्पष्ट सांगा : ‘मी आपण होऊन काही सांगणार नाही, पण त्यांनी थेट विचारलं तर खोटं बोलणार नाही. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारेन, आणि मग डॉक्टर आणि तुम्ही मिळून बोलाल.’ बऱ्याच वेळा रुग्णाला सगळं माहीत असतं आणि तोच मुलाला सांभाळत असतो.

सहावं सत्र नोंदीचं आणि स्टाफच्या स्वतःच्या दुःखाचं. अॅडमिशन पेपरवरच्या ‘धर्म : हिंदू’ या नोंदीचा खाटेजवळ काही उपयोग नाही. फाइलमध्ये तीन ओळींची जागा करा : आधार, बोचणी, काय ठरलं. भरलेली नोंद अशी दिसावी :

आधार : पहाटे हरिपाठ, मोठी बहीण. बोचणी : धाकट्या भावाशी जमिनीवरून बोलणं बंद. ठरलं : सकाळी 7 च्या आधी ड्रेसिंग किंवा रक्त नको. भावाला निरोप बहीण देणार, रुग्णाची संमती घेतली. रविवारी परत विचारणे.

तिसऱ्या ओळीत काम आणि वार असलाच पाहिजे. सगळंच फाइलमध्ये लिहायचं नसतं. लग्नाबाहेरचं मूल, जुना गुन्हा, अशा गोष्टी कुणीही नातेवाईक फाइल उघडून वाचू शकतो. तिथे फक्त ‘खासगी बोचणी, रुग्णाने अमुक सिस्टरला सांगितली’ इतकंच लिहा आणि हे लिहू का असं रुग्णाला विचारा. मात्र ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊ नका. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, आणि अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे.

स्टाफच्या दुःखासाठी वेगळा कार्यक्रम नको. मृत्यूनंतर त्याच शिफ्टमध्ये पाच मिनिटं. कोण हजर होतं, काय चांगलं झालं, काय राहून गेलं, आज घरी जाताना कुणाला कुणाची सोबत हवी. मामांनाही बोलवा, बॉडी त्यांनीच बांधलेली असते.

शिकवणार कोण? एकटे डॉक्टर नकोत आणि एकटे धर्मगुरूही नकोत. जोडी हवी. एक रोज रुग्ण बघणारी व्यक्ती, म्हणजे तुम्ही स्वतः किंवा तुमचे पॅलिएटिव्ह फिजिशियन, आणि दुसरी समुपदेशक किंवा समाजसेवा अधीक्षक. परदेशात या कामासाठी प्रशिक्षित चॅपलेन असतात. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) सारख्या थोड्या ठिकाणी तशी सोय आहे, बाकी ठिकाणी ही जागा समाजसेवा अधीक्षकच भरून काढतात. दोघांनी आधी स्वतः शिकून यावं. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्राथमिक सर्टिफिकेट कोर्स आहे, त्याने पाया पक्का होतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थेचा ‘आयस्पेक’ हा आध्यात्मिक देखभालीवरचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन हे हॉस्पिस आहे. परवानगी काढून दोन दिवस नुसतं बघायला जा. पुस्तकात न लिहिलेलं बरंच तिथल्या सिस्टरांच्या हालचालींत दिसतं.

उपयोग झाला का, हे ‘प्रशिक्षण आवडलं का’ अशा फॉर्मवरून कळत नाही. दर महिन्याला कुठल्याही 10 फाइल काढा. तीन ओळी भरल्या आहेत का आणि तिसऱ्या ओळीतलं काम झालं का, दोनच गोष्टी मोजा. पहिल्या महिन्यात ‘आधार : देव’ अशा नोंदी येतील. रागावू नका, ‘कोणता, कधी, कसा?’ असं शेजारी पेन्सिलीने लिहून परत द्या. दुसऱ्या महिन्यात चार प्रश्न ओळीने विचारून टाकायची सवय लागेल आणि सगळ्या नोंदी सारख्या दिसायला लागतील. तेव्हा एका सिस्टरसोबत खाटेजवळ उभ्या राहा आणि तिला त्या दिवशी एकच प्रश्न विचारायला सांगा. तिसऱ्या महिन्यानंतरही तिसरी ओळ रिकामी राहत असेल तर दोष बहुधा मुलींचा नसतो. ड्रेसिंगची वेळ बदलायला, भेटीची वेळ सोडून भावाला आत घ्यायला, रात्री मौलानांना गेटमधून सोडायला त्यांना परवानगी नसते. त्या तीन परवानग्या इन्चार्ज सिस्टरच्या सहीने मिळतील, असं पत्र व्यवस्थापनाकडून पहिल्या सत्राच्या आधीच लिहून घ्या.